गांजा, गुत्ता आणि सरहद्द : नळदुर्गच्या वाटेवरचा एक जुना हिशेब

१/
सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला प्रवासी सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्गला पोहोचतो. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीच्या पात्रात बांध घालून त्याच्या पोटात उभारलेला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहण्यासाठी पावसाळ्यात येथे गर्दी लोटते. परंतु ज्या रस्त्यावरून ही गर्दी येते, त्या रस्त्याचा इतिहासही किल्ल्याइतकाच बोलका आहे. आज याच मार्गावर गांजाची वाहतूक पकडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच रस्त्याच्या सोलापूरकडील टोकाला गांजा हा परवान्याने विकला जाणारा, सरकारी तिजोरीत भर घालणारा माल होता. गुन्हा आणि महसूल यांच्यातील हे अंतर कसे पडले, हा या धाग्याचा विषय.

२/
निमित्त जवळचेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला : कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, शेती तोट्यात गेली आहे, गांजाला मात्र बाजारात भाव आहे, तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे धाडला आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप ठरवला. बातमीवर हसणारे पुष्कळ निघाले. पण अर्जातला प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गांजा कायदेशीर केल्यास पैसा कोणाच्या हाती पडेल? राज्याच्या, व्यापाऱ्याच्या की शेतकऱ्याच्या? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कॅनडा वा कोलोरॅडोपर्यंत जाण्याआधी दख्खनच्याच दप्तरात डोकावणे योग्य.

३/
प्रथम शब्द स्पष्ट केले पाहिजेत. भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे. भांग म्हणजे पाने. ती घोटून पितात. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे. ते चिलमीतून ओढतात. चरस म्हणजे झाडावरून खरवडून वा चोळून काढलेली निव्वळ राळ. गांजा पिकवणे हे कसबाचे काम होते. शेतात एखादे नर झाड जरी राहिले तरी परागण होऊन मादी झाडे बिजावर जातात आणि माल उतरतो. म्हणून फुलण्याआधीच नर झाडे हुडकून उपटावी लागत. बंगालमध्ये तर या कामासाठी ‘पोद्दार’ नावाचे खास जाणकार शेतोशेती फिरत. कर बसवायचा झाला तर तो पाने, फुले की राळ यांपैकी कशावर, हा प्रश्न या भेदातूनच उपजतो.

४/
दख्खनला ही वनस्पती नवी नव्हती. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधीसंवादांच्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी ऑर्ताचे जाणेयेणे होते, त्यामुळे त्याची माहिती ऐकीव म्हणून बाजूला सारता येत नाही. गुजरातच्या बहादूरशाहाने एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गोष्ट तो नोंदवतो : रात्री पोर्तुगाल, ब्राझील वा तुर्कस्तानला जावेसे वाटले की सुलतान थोडी भांग खाई. किस्सा गमतीचा असला तरी त्यातून एक गोष्ट उघड होते. भांग चोरून खाण्याची वस्तू नव्हती. सुलतानापासून बैराग्यापर्यंत तिचा वापर होता, आणि जिथे वापर तिथे बाजार असतोच.

५/
बाजार आला की कर येतो. कंपनी सरकारने बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीसच मादक पदार्थांवर कर बसवला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने दारूबरोबर मादक औषधीही नियंत्रणाखाली आणल्या. येथे पद्धत मुख्यतः मक्त्याची होती. गांजा-भांग विकण्याचा हक्क लिलावात काढायचा. जो अधिक बोली देईल तो मक्तेदार. मराठवाड्यात मक्त्याला ‘गुत्ता’ आणि मक्तेदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात. दारूच्या अड्ड्याला मराठीत आजही ‘गुत्ता’ म्हटले जाते, ते याच अबकारी मक्त्यामुळे. एक संपूर्ण करपद्धती लोकांच्या बोलीत अशी एका शब्दापुरती उरली आहे.

६/
मक्त्याचे अर्थशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. सरकारला वर्षारंभी ठरावीक रक्कम मिळे. किती माल विकला जातो याच्याशी तिचा संबंध नसे. मक्तेदाराने मात्र आधीच पैसे मोजलेले असत, त्यामुळे जितका अधिक खप तितका त्याचा नफा. म्हणजे खप वाढवण्याची प्रेरणा या व्यवस्थेच्या मुळातच होती. मालाच्या वजनावर कर असेल तर चित्र पालटते. प्रत्येक शेरामागे सरकारला देणे लागते, किंमत चढते आणि खपाला थोडा आळा बसतो. ‘महसूल जास्तीत जास्त, सेवन कमीत कमी’ हे ब्रिटिश अबकारी धोरणाचे घोषित सूत्र होते. लिलावाच्या पद्धतीत या सूत्राचा पूर्वार्ध साधे, उत्तरार्ध कागदावर राही.

७/
आता नळदुर्गकडे. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. नळदुर्गचा कारभार पाहण्यासाठी आला फिलिप मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. त्याने येथे जमिनीची मोजणी आरंभली, रस्ते केले आणि १८५७ मध्ये बदली होऊन तो वऱ्हाडात बुलढाण्याला गेला. पुढे १८६० च्या तहाने नळदुर्ग आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले. सात वर्षांत एकाच मुलुखाने दोन राज्यांचे दोन कारभार पाहिले.

८/
१८६० नंतर नळदुर्ग निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत आजचा धाराशिव जिल्हा नळदुर्गच्याच नावाने ओळखला जाई. हैदराबाद राज्याचा सिक्का वेगळा, अबकारी वेगळी आणि सरहद्दीवर मालावर जकात घेणारे ‘करोडगिरी’ खातेही वेगळे. त्यातच सरहद्द सरळ नव्हती. बार्शी तालुका इंग्रजी मुलखात, पण जवळजवळ चहूबाजूंनी निजामी गावांनी वेढलेला. शेतकऱ्याची जमीन एका राज्यात आणि आठवडी बाजार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती या पट्ट्यात सामान्य होती. करांचे दर दोन बाजूंना भिन्न असले की स्वस्त बाजूचा माल महाग बाजूकडे वाहू लागतो. पाण्याला उतार सांगावा लागत नाही, तसा चोरट्या व्यापाऱ्याला दरातील फरक सांगावा लागत नाही.

९/
या पार्श्वभूमीवर गांजाच्या इतिहासातील सर्वांत मोठी चौकशी सुरू झाली, आणि तिचे मूळ होते लंडनमध्ये. डब्ल्यू. एस. केन हे ब्रिटिश संसदेतील दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. हिंदुस्थान सरकार मादक पदार्थांतून महसूल मिळवते, हे त्यांना अनीतीचे वाटे. गांजामुळे माणसे वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळे भरतात, असा समज तेव्हा रूढ होता. मार्च १८९३ मध्ये संसदेत हा विषय निघाला आणि जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत तीन भारतीय : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी यांची निवड झाली होती.

१०/
आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. शेतकरी, वैद्य, डॉक्टर, मिशनरी, अबकारी अधिकारी, लष्करी अधिकारी अशा सर्वांना प्रश्न विचारले. ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याला अहवालावर सह्या झाल्या. सात खंड आणि तीन हजारांहून अधिक पाने. वेडाच्या प्रश्नावर आयोगाने केलेले काम आजही अभ्यासनीय आहे. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण ‘गांजा-भांग’ असे नोंदले होते. आयोगाने एकेका रुग्णाची मुळापासून चौकशी केली. तेव्हा ९८ च प्रकरणे टिकली, आणि त्यांतील काहींमध्ये इतर कारणेही मिसळलेली होती. पुष्कळ ठिकाणी कारणाचा रकाना भरायचा म्हणून कारकुनाने वा पोलिसाने ‘गांजा’ लिहून टाकले होते.

११/
आयोगाचा निष्कर्ष असा : माफक सेवनाने फारशी हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि सरसकट बंदी आवश्यकही नाही, इष्टही नाही. यामागची कारणे वाचताना जाणवते की त्यांतील बरीचशी आर्थिक आहेत. पहिले, ही वनस्पती हिमालयाच्या पायथ्याशी रानोमाळ उगवते. तिथे बंदी राबवायची तर पाळतीचा खर्च अफाट आणि गरिबांचा छळ अटळ. दुसरे, बंदी आली तर लोक दारूकडे वा धोतऱ्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील. तिसरे, शैव उपासनेत भांगेला स्थान असल्याने बंदी हा धर्मात हस्तक्षेप मानला जाईल. चौथे, देशी संस्थानांत नियम वेगळे असतील तर इंग्रजी हद्दीतील निर्बंध सरहद्दीवर झिरपतील. हे चौथे कारण म्हणजे सोलापूर-नळदुर्ग पट्ट्याचीच कथा होय.

१२/
बंदी नको म्हणजे मोकळीक हवी, असे मात्र आयोग म्हणत नव्हता. त्याने सुचवलेली चौकट चार खांबांवर उभी होती. परवान्याविना लागवडीस मनाई आणि लागवड ठरावीक भागातच केंद्रित. मालाच्या वजनावर थेट कर आणि त्याला विक्री-हक्काच्या लिलावाची जोड. दुकानांची संख्या मर्यादित. आणि एका व्यक्तीने जवळ बाळगण्याच्या मालाला मर्यादा. आज जगभर गांजाविषयक नव्या कायद्यांत हीच चार कलमे वेगवेगळ्या शब्दांत भेटतात. १८९४ साली हा आराखडा तयार होता.

१३/
आदर्श नमुना म्हणून आयोगापुढे होते बंगालमधील राजशाही जिल्ह्याचे नौगाव, आजच्या बांगलादेशातील नावगाव. तेथील ‘गांजा महाल’ या ठरावीक क्षेत्रातच परवानाधारक शेतकरी गांजा पिकवत. सारा माल सरकारी गोदामात येई, वजन होई, मोहोर लागे आणि कर भरूनच तो जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना होई. परंतु भाव ठरवण्यात व्यापारी आणि दलाल वरचढ, शेतकरी मागेच. यावर उपाय म्हणून १९१७ साली नौगावच्या उत्पादकांनी सहकारी सोसायटी स्थापन केली. विक्री एका हाती आली, दलाल बाजूला झाले. सोसायटीच्या नफ्यातून शाळा, दवाखाने आणि रस्ते झाले. गांजाच्या पैशातून गावाचे भले झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. ते परवान्याने साधले नव्हते. परवाना आधीही होताच. साधले ते शेतकऱ्यांच्या संघटनेने.

१४/
मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचा मुख्य जिल्हा होता अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. मध्य प्रांतात खांडव्याचा गांजा प्रसिद्ध होता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियंत्रण जसजसे घट्ट होत गेले तसतशी लागवड आकसत थोड्या गावांपुरती उरली. सरकारच्या दृष्टीने ते सोयीचेच. जितकी शेते कमी तितकी देखरेख स्वस्त. परंतु याचा दुसरा अर्थ असा की कायदेशीर गांजाच्या काळातही दख्खनमधल्या बहुसंख्य कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी तो वर्ज्यच होता. पीक कायदेशीर असणे आणि ते सर्वांना लावता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१५/
अहवालाला विरोधही झाला, आणि तो केवळ मिशनऱ्यांकडून नव्हे. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडून अधिक कडक धोरणाची मागणी केली. महाराष्ट्रातही अबकारी महसुलाविरुद्ध मोठा प्रवाह होता. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुण्यातील दारूच्या दुकानांच्या वाढीला नगरपालिकेत विरोध नोंदवला होता. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात दारूच्या दुकानांवर निदर्शने झाली. त्यांचा युक्तिवादही आर्थिकच होता : गरिबाच्या मजुरीतून गेलेला पैसा तिजोरीत दिसतो, त्या घरातील उपास कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. कायदेशीरतेच्या समर्थकांनी हा आक्षेप टाळू नये. महसूल हा समाजाचा निव्वळ नफा नसतो.

१६/
पुढील वळणे जलद आहेत. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या आग्रहावरून गांजा-चरस आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आले. निजामी सरहद्द पुसली गेली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने भांग-गांजालाही कवेत घेतले. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने मादक पदार्थांच्या बंदीचे उद्दिष्ट राज्यापुढे ठेवले. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भारताने भांगेची पाने व्याख्येबाहेर राहतील याची काळजी घेतली आणि गांजासाठी २५ वर्षांची मुदत मिळवली. अखेर १९८५ चा एनडीपीएस कायदा आला आणि परवान्याचा गांजा इतिहासजमा झाला. नौगावची लागवडही १९८७ साली बंद पडली.

१७/
१९८५ च्या कायद्याने मागणी मात्र संपली नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस घेतात. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्या सवयीसाठी मदतीची गरज आहे. दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला सांगतो की बंदीखालीही बाजार प्रचंड आहे आणि त्यातून तिजोरीत छदामही येत नाही. उलट तपास, खटले आणि तुरुंग यांवर खर्च होतो. दुसरा सांगतो की हा माल भाजीपाल्यासारखा निरुपद्रवी नाही. विशेषतः कोवळ्या वयातील नियमित सेवन मानसिक आजाराचा धोका वाढवते, हे आजच्या वैद्यकाचे म्हणणे १८९४ च्या आयोगापुढे नव्हते. कायदेशीरतेतून येणारा कर उपचारांवर खर्च होणार नसेल, तर तो केवळ नव्या गुत्त्याचा लिलाव ठरेल.

१८/
आता मोहोळच्या अर्जाकडे परत. गांजाला भाव आहे, हे अर्जातील निरीक्षण अचूक होते. पण तो भाव कशाचा आहे? गांजा पिकवायला सोन्याची माती लागत नाही. तो तर रानात उगवतो. आजचा भाव हा मुख्यतः धोक्याचा भाव आहे : पकडले जाण्याचा, लाच देण्याचा, तुरुंगाचा. २० किलोपेक्षा अधिक गांजा सापडल्यास किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे. कायदा बदलला की धोका जातो, आणि धोका गेला की भावही जातो. कोलोरॅडोत २०१४ पासून खुली विक्री सुरू झाली. सुरुवातीच्या तेजीनंतर उत्पादन वाढले आणि घाऊक भाव कोसळले. कॅनडात २०१८ नंतर न खपलेला माल नष्ट करावा लागला. कांदा आणि टोमॅटो रस्त्यावर ओतणाऱ्या शेतकऱ्याला हे चक्र कोणी वेगळे शिकवायला नको.

१९/
धाग्यासाठीच्या गांजाचा, म्हणजे औद्योगिक हेम्पचा मार्ग निराळा. एनडीपीएस कायद्याचे कलम १४ धागा वा बियाण्यासाठी लागवडीस परवानगी देण्याची मुभा सरकारला देते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये त्यानुसार परवाना देण्यास प्रारंभ केला. झाडातील मादक द्रव्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवे. २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना अन्न म्हणूनही मान्यता मिळाली. नळदुर्ग परिसरासाठी हा पर्याय आकर्षक दिसतो, पण येथील शेतकऱ्याच्या घरी त्याचा जुना भाऊबंद आधीच आहे : अंबाडी. तिची पाने गांजाच्या पानांसारखी दिसतात म्हणूनच तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आले, आणि इंग्रजीत तिला ‘डेक्कन हेम्प’ म्हणत. अंबाडीचे दोर एके काळी मोटेपासून दाव्यापर्यंत सर्वत्र लागत. नायलॉन आले आणि अंबाडी भाजीपुरती उरली. तिच्यावर कधी बंदी नव्हती, तरी तिचा धागा वाचला नाही. कारण धागा सडवायला पाणी लागते, सोलायला यंत्र लागते आणि घ्यायला गिरणी लागते. जवळ कारखाना नसेल तर ऊसदेखील सरपणच.

२०/
या साऱ्या इतिहासातून तीन गोष्टी ठामपणे हाती लागतात. एक : गांजा कायदेशीर करण्याचा आर्थिक युक्तिवाद परदेशातून आयात केलेला नाही, तो याच देशात, येथील साक्षींवरून, १८९४ साली मांडला गेला आणि अनेक दशके राबवलाही गेला. दोन : त्या युक्तिवादाचा गाभा नियंत्रणाचा आहे, आणि नियंत्रण सरहद्दीवर तपासले जाते. एका राज्याने परवानगी दिली आणि शेजारच्याने बंदी ठेवली, तर नळदुर्ग-सोलापूरचा जुना खेळ नव्या गाड्यांतून सुरू होईल. तीन : लाभ कोणाला, हे कायद्याचे नाव ठरवत नाही, विक्रीची व्यवस्था ठरवते. लिलाव असेल तर गुत्तेदाराला, वजनावर कर असेल तर तिजोरीला, आणि नौगावसारखी सोसायटी असेल तरच शेतकऱ्याला.

२१/
मोहोळचा अर्ज गांजासाठी होता, परंतु त्याचे पहिले वाक्य कोणत्याही पिकाला भाव मिळत नसल्याचे होते. १८९३ च्या आयोगाने १,१९३ जणांना गांजाविषयी प्रश्न विचारले. पिकवणाऱ्याने दुसरे काही का पिकवले नाही, हा प्रश्न त्या चौकशीचा विषयच नव्हता. पुढचा आयोग कधी नेमला गेला, तर त्याच्या प्रश्नावलीत तो पहिल्या क्रमांकावर असावा.

धागा समाप्त.